शहरातले पहिले बिऱ्हाड

बारावीचा निकाल आणि मृगाचा पाऊस यांची गाठ आमच्या भागात बहुतेक वर्षी आगेमागेच पडते, आणि त्यामुळे कपाशीच्या बियाण्याची पाकिटे, खताच्या गोण्या व मुलाच्या पुढील शिक्षणाचा खर्च हे तिन्ही मामले शेतकऱ्याच्या दारात एकदमच रुजू होतात. मोताळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवण्यात माझ्या नोकरीची सारी हयात गेली. परंतु वेळापत्रकात ज्याला कधी तासिका मिळाली नाही आणि वेतनपत्रकात ज्याचा कधी उल्लेख आला नाही, असे एक काम दर जून-जुलैत माझ्या अंगावर आपोआप येऊन पडे, आणि निवृत्तीनंतर आजही जुने पालक बाजारात भेटतात तेव्हा मला ओळखतात ते त्या कामावरून, व्याकरणावरून नव्हे. शहरात शिकायला निघालेल्या मुलाने पहिल्या वर्षी राहावे कोठे, हे ठरवून देण्याचे ते काम.

शाखा कोणती घ्यावी, महाविद्यालय कोणते निवडावे, याविषयी सल्ला देणारे गावात उदंड असतात. कृषी सेवा केंद्राच्या बाकावर बसलेला मनुष्यही संगणक अभियांत्रिकीची बाजू हिरिरीने मांडतो. पण प्रवेश निश्चित झाल्यावर, पावती खिशात घालून बाप जेव्हा घरी येतो आणि पोरगे नेमके कोणत्या छपराखाली निजणार हा प्रश्न घरातल्या बायका प्रथम विचारतात, तेव्हा त्या सल्लागारांपैकी एकही जवळपास नसतो. मग संध्याकाळी माझ्या ओट्यावर चपला वाजत आणि बहुधा एकच वाक्य कानी येई : “सर, पोराचा नंबर पुण्याले लागला. आता याले ठेवाचं कुठी?”

मोताळा हे बुलढाणा-मलकापूर रस्त्यावरचे गाव. दक्षिणेस राजूरचा घाट चढला की बुलढाणा आणि उत्तरेस सखल मुलखात उतरत गेले की मलकापूर व तेथील रेल्वेचे ठाणे, असा आमचा जगाशी संबंध. विद्यापीठ पूर्वी नागपूरचे, 1983 पासून अमरावतीचे. माझ्या नोकरीच्या आरंभी गावाबाहेर शिकायला जाणे म्हणजे बुलढाण्यास खोली करून राहणे किंवा फार तर अमरावती गाठणे एवढेच असे. नंतर छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि अखेरीस पुणे असा ओघ फिरला. मलकापूरला गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरावी, रात्रभर बसावे आणि पुण्यास उतरावे, हा प्रवास आता आमच्याकडच्या मुलांना आजोळच्या वाटेइतका परिचित झाला आहे. पण उतरल्यावर जायचे कोठे, हा प्रश्न गाडीच्या सोयीने सुटत नाही.

पालकांच्या चौकशीची कलमे ठरलेली असत. भाडे किती, कॉलेज किती लांब, आणि आपल्याकडचे कोणी तिथे आहे काय. तिन्ही प्रश्न शहाणपणाचे आहेत, आणि ज्याच्या घरी जूनमध्ये अडत्याकडून उचल घेतल्याशिवाय पेरणी होत नाही त्याने भाड्याचा प्रश्न प्रथम विचारला म्हणून त्याला कोणी हसू नये. तथापि माझा स्वतःचा एक चौथा प्रश्न असे आणि तो मी या तिन्हींच्याही आधी ठेवीत असे : त्या वास्तूत संध्याकाळी सात ते दहा या वेळात काय चालते? दिवसा मुलाला कॉलेज सांभाळते, रात्री झोप सांभाळते. मधले तीन तास मात्र त्याचे स्वतःचे असतात. घराची आठवण त्याच वेळात येते, नको त्या मंडळींची ओळख त्याच वेळात होते, आणि अभ्यासाची बैठक बसली तर तीही त्याच वेळात बसते. पहिल्या वर्षी नापास होऊन परत आलेल्या मुलांशी मी जेव्हा जेव्हा निवांतपणे बोललो, तेव्हा विषयाच्या काठिण्यापेक्षा या तीन तासांची हकीकतच मला अधिक ऐकावी लागली.

वऱ्हाडातल्या माणसाला वसतिगृहाचे महत्त्व कोणी परक्याने येऊन शिकवावे, अशी वास्तविक गरज नाही. डॉ. पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसनमधून आणि पुढे विलायतेहून विद्या घेऊन परतले, तेव्हा त्यांनी अमरावतीत जी कामे हाती घेतली त्यांत सर्व जातींच्या मुलांसाठी काढलेले श्रद्धानंद छात्रालय हे एक होते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून जो क्रम सुरू केला, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवून जो पुढे नेला, त्याचेच हे वऱ्हाडी रूप म्हणता येईल. खेड्यातल्या मुलाला शाळा नाही म्हणून तो शिकत नाही हे अर्धेच सत्य असून, शाळेच्या गावी त्याला राहायला जागा नाही म्हणून तो शिकत नाही हे उरलेले अर्धे सत्य या मंडळींनी ओळखले होते.

पण या विषयावर बोलताना मी मुलांना नेहमी एक दूरचे उदाहरण सांगत असे. 1913 च्या जुलै महिन्यात बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. एवढ्या अफाट शहरात त्यांचे पहिले बिऱ्हाड विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात पडले, आणि चरित्रकार सांगतात त्याप्रमाणे तेथील जेवण न मानवल्यामुळे ते तेथे आठवडाभरच राहिले. मग काही हिंदी विद्यार्थी राहत असत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये त्यांनी मुक्काम हलवला. आणि तेथूनही पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले, जेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांचा सहवास जुळला. ज्यांच्या बुद्धीविषयी कोणाला शंका नाही अशा पुरुषालाही आरंभीच्या काळात जागा बदलत राहावे लागले, ही गोष्ट घाबरलेल्या मुलाला ऐकवली की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसे. परंतु मला त्या हकिकतीतला उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. लंडनमधील अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी 1920 साली बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा स्वतःची शिल्लक आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या जोडीला त्यांना पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते याच नवल भथेनांनी. वसतिगृहातला सोबती जातीचा नव्हता, गावचा नव्हता, भाषेचाही नव्हता. आणि त्याच बाबासाहेबांनी मायदेशी सार्वजनिक कार्य आरंभल्यावर, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने 1925 साली सोलापुरात वसतिगृह काढले, हा योगायोग मी मानीत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळतो. शहरात पहिल्या वर्षाच्या मुलापुढे ठोकळमानाने चार वाटा असतात. एक, कॉलेजचे स्वतःचे वसतिगृह. दुसरी, शासनाचे, ज्याला आमच्याकडे सरसकट ‘समाजकल्याणचे होस्टेल’ म्हणतात. तिसरी, एखाद्या सेवाभावी संस्थेने चालवलेले; पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी 1955 साली सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती हे याचे ठळक उदाहरण, जेथे ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना मुलाखत घेऊन प्रवेश मिळतो आणि कमवा व शिका ही तेथील रीत आहे. आणि चौथी वाट म्हणजे खाजगी खोली, पीजी किंवा कॉट बेसिस, ज्यात खोली आपली नसून फक्त खाट आपली असते.

या चौथ्या वाटेने बहुतेक मुले जातात आणि ती त्यांनी पहिल्या वर्षी शक्यतो टाळावी असे माझे मत आहे. ते घरमालकांच्या द्वेषापोटी बनलेले नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत पोटच्या पोराप्रमाणे विचारपूस करणारी म्हातारी माणसेही मी पाहिली आहेत. अडचण अशी की कॉट बेसिसच्या खोलीत मुलाचा संबंध फक्त भाड्याच्या तारखेपुरता कोणाशी तरी येतो. तो रात्री अकराला आला काय आणि दोन दिवस आलाच नाही काय, विचारणारे कोणी नसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हे स्वातंत्र्य पचते. सतराव्या-अठराव्या वर्षी, मोताळ्याच्या बसस्टँडवर ज्याला वडिलांचे चार ओळखीचे लोक रोज हटकत होते त्याला, ते एकाएकी पचत नाही.

मग सर्वजण वसतिगृहातच का जात नाहीत? याचे उत्तर पुष्कळदा मुदतीत आहे. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या, ज्यांना मुले कॅप राउंड म्हणतात, त्यांच्याकडे घरातल्या सर्वांचे डोळे लागलेले असतात. जागा मिळाली, कॉलेजात जाऊन रिपोर्टिंग झाले, की आता गंगेत घोडे न्हाले असे समजून मंडळी पेरणीला लागतात. वसतिगृहाचा अर्ज मात्र पुष्कळ ठिकाणी निराळा असतो, त्याची मुदत निराळी असते, त्याची गुणवत्ता यादीही निराळी लागते, आणि जागा भरल्या की दार बंद होते. म्हणून माझ्या ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावीत असे की, प्रवेशाच्या कागदांची फाईल करता तेव्हाच दुसरी फाईल वसतिगृहाची करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, या सर्वांच्या नकला दोन्हीकडे लागतात. आणि सेतू केंद्रापुढे रांगेत एकदा उभे राहायचेच आहे, तर दोन प्रती जास्त काढून आणायला काय हरकत आहे?

शासनाने या बाबतीत काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शासकीय वसतिगृहात ज्याला जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी तीत वर्षाला 60,000 रुपये ठरले, त्यांपैकी भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि वर ज्यांचा उल्लेख केला त्या पंजाबरावांच्याच नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अशी ही मालिका आहे. फक्त बापाने एक हिशोब कागदावर मांडून पाहावा : भोजनाचे 32,000 बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला 2,667 रुपये पडतात, निवासाचे 20,000 वाटले तर 1,667. शहरात एवढ्यात कितपत भागते हे ज्याचे त्याने चौकशी करून ठरवावे. पण रक्कम खात्यावर जमा होईपर्यंत खाणावळीचा मालक आणि खोलीवाला थांबत नाहीत, एवढे निश्चित. म्हणून भत्ता मंजूर होणार असला तरी पहिल्या सहामाहीची तजवीज घरूनच करावी लागते, आणि हे जूनमध्ये सांगितलेले बरे. दिवाळीत कळले तर घरात भांडण होते.

मुलींच्या बाबतीत अलीकडे एक नवा फरक पडला. 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले. निर्णय स्तुत्य आहे. परंतु गावात त्याचा अर्थ ‘मुलीचं शिक्षण फुकट झालं’ असा पसरला, आणि एक गृहस्थ माझ्याकडे आले ते केवळ गाडीभाड्याच्या तयारीने. शुल्क माफ झाले तरी राहणे-जेवणे माफ झालेले नाही, किंबहुना आता तोच मुख्य खर्च होऊन बसला आहे, हे त्यांच्या गळी उतरवताना चहाचे दोन कप झाले. शेवटी ते शांतपणे म्हणाले, “म्हंजी सर, कॉलेज सोपं झालं, खाट महाग झाली.” त्यांच्या या एका वाक्याइतकी या योजनेची मर्यादा मला कोठल्या अग्रलेखातही वाचायला मिळाली नाही.

त्यांच्या मुलीसाठी जागा पाहायला मी सोबत गेलो होतो. पुण्यात मुलींच्या वसतिगृहांची परंपरा जुनी. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 साली स्थापन केलेल्या संस्थेचा हिंगण्याचा, म्हणजे आताच्या कर्वेनगरचा, परिसर तर मुलींच्या निवासाचे एक लहानसे गावच आहे. आम्ही जी ठिकाणे पाहिली त्या प्रत्येक ठिकाणी वडिलांचा पहिला प्रश्न, “फाटक किती वाजता लागते?” हा असे आणि उत्तर जितके लवकरचे तितका त्यांचा चेहरा खुलत जाई. मुलगी गप्प होती. एका ठिकाणी मात्र तिने धीर करून विचारले, “आणि कॉलेजची लायब्ररी किती वाजेपर्यंत असते?” दोन उत्तरे जुळवून पाहिली तेव्हा फाटक आधी लागत होते आणि लायब्ररी नंतर बंद होत होती. वडील दोन्ही बाजूंनी विचार करीत बराच वेळ उभे राहिले. मी काही बोललो नाही. कारण मुलीच्या सुरक्षिततेची चिंता करणाऱ्या बापाला फाटकाच्या वेळेवरून उपदेश करणे मला शिष्टपणाचे वाटते. त्यांनी अखेर जे वसतिगृह निवडले तेथे अभ्यासिका आवारातच होती आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहत असे. माझ्या मते मुलींचे वसतिगृह पाहताना फाटकाची वेळ आणि अभ्यासिकेची वेळ हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून घ्यावेत. एकट्या पहिल्या आकड्यावरून निर्णय केला तर सुरक्षितता मिळते पण पदवी लांबते.

वसतिगृह पाहण्याची माझी वेळ संध्याकाळची. लोक दुपारी अकरा-बाराला जातात, व्यवस्थापक त्यांना फरशी, कपाटे, पाण्याचे यंत्र आणि छपाई केलेले माहितीपत्रक दाखवतो, आणि मंडळी समाधानाने परततात; पण मुले कॉलेजात असताना होस्टेल पाहणे म्हणजे उन्हाळ्यात नांगरून पडलेले वावर पाहून पिकाचा अंदाज बांधण्यासारखे आहे. शिवाजीनगरच्या बाजूला असलेल्या एका वसतिगृहात मी असाच दिवेलागणीला जाऊन उभा राहिलो होतो, ती संध्याकाळ मला आजही तपशिलासह सांगता येईल. दारात लाकडी मेजावर आवक-जावक नोंदवण्याची लांबट वही आणि तिला सुतळीने बांधलेले पेन. मी वही उलटून पाहिली. सह्यांच्या वेळा निरनिराळ्या होत्या, अक्षरे निरनिराळी होती. म्हणजे आठवड्याच्या शेवटी एकाने बसून सगळ्यांच्या सह्या ओढलेल्या नव्हत्या. फळ्यावर ‘गरम पाणी सकाळी 6 ते 7.30’ असे खडूने लिहिलेले आणि खाली कोणा वात्रटाने ‘असल्यास’ हा शब्द जोडलेला. तो शब्द कोणी पुसला नव्हता, हे पाहून मला त्या व्यवस्थेविषयी जरा आदरच वाटला. जिन्यावर दोन मुले एका आलेखावरून वाद घालीत होती, एक जण बादलीत शर्ट भिजवीत होता, आणि रेक्टर आपल्या खोलीत नव्हते. ते पहिल्या मजल्यावर, ताप आलेल्या एका मुलाच्या खाटेशी बसलेले सापडले.

या शेवटच्या गोष्टीवरून मला माझा कायमचा प्रश्न मिळाला. तेव्हापासून मी कोणत्याही वसतिगृहात गेलो की व्यवस्थापकाला भाडे विचारण्यापूर्वी विचारतो, “रात्री मुलाला ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं?” उत्तर येण्यास लागणारा वेळही मी मोजतो. “त्याचे रूममेट नेतात” हे उत्तर वाईट नाही, पण ते वसतिगृहाचे उत्तर नव्हे. “आमची ॲम्ब्युलन्सची व्यवस्था आहे” हे ऐकले की मी ॲम्ब्युलन्सचा नंबर मागतो. आणि जेथे रखवालदार मध्येच तोंड घालून म्हणतो, “मागच्या आठवड्यात मीच नेला होता रिक्षाने,” तेथे मी निर्धास्तपणे डिपॉझिट भरायला सांगतो.

जेवणाविषयी दोन शब्द अवश्य लिहिले पाहिजेत, कारण आमच्या मुलांचे पहिले वैर आमटीशी होते. कळण्याची भाकर, ठेचा आणि वांग्याचे भरीत यांवर वाढलेल्या जिभेला गूळ घातलेली आमटी हा अपमान वाटतो, आणि पहिले पंधरा दिवस घरी येणाऱ्या फोनवर दुसरा विषय नसतो. ही तक्रार आपोआप मिटते; आईने दाण्याची चटणी आणि कुरड्या बांधून दिल्या की पुरे. खरी अडचण वेगळी आहे आणि ती माहितीपत्रकात छापलेली नसते. शहरातल्या पुष्कळ मेस रविवारी दुपारी गोडधोडाचे जेवण देऊन संध्याकाळी बंद असतात. ज्या मुलांचे नातेवाईक शहरात आहेत ती त्या रात्री त्यांच्याकडे जेवतात; मलकापूरहून आलेला मुलगा वडापाव खातो, किंवा पैसे वाचवण्यासाठी तेही खात नाही. रविवारी रात्री काय, हे विचारावे. खाड्याचा नियम काय, म्हणजे गावी गेलेल्या दिवसांचे पैसे वळते होतात की नाही, हेही विचारावे. आणि शक्य असेल तेथे एक वेळचे जेवण मुलाबरोबर पंगतीत बसून घ्यावे. पैसे देऊन घेतलेल्या या एका ताटात वसतिगृहाचा बराचसा जमाखर्च दिसतो.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, “आपल्याकडचं कोणी तिथे आहे काय?” याच्याकडे. एका वर्षी तालुक्यातल्या चार मित्रांनी मिळून पुण्याच्या उपनगरात एक फ्लॅट घेतला. चौघेही गुणी, घरची माणसे निश्चिंत, भाडे चौघांत वाटलेले. पहिला महिना मोठ्या आनंदात गेला. पाळीपाळीने स्वयंपाक, रात्री गावच्या गप्पा, कोणाच्या विहिरीला पाणी लागले आणि कोणाची बैलजोडी विकली याची खबर. पण त्या फ्लॅटमध्ये मोताळाच नांदत होते, पुणे दाराबाहेर होते. एकाला गावी जावेसे वाटले की चौघांनाही जावेसे वाटे, एकाने तास बुडवला की चौघांचा बुडे, आणि वर्गातल्या इतर मुलांशी बोलण्याची गरज न पडल्यामुळे ती भीड शेवटपर्यंत मोडली नाही. त्याच वर्षी, केवळ खर्चाच्या अडचणीमुळे, दुसरा एक मुलगा एका संस्थेच्या वसतिगृहात गेला, जेथे त्याच्या खोलीत एक नंदुरबारचा, एक सांगलीचा आणि एक नांदेडचा होता. पहिल्या महिन्यात त्याच्या ‘काहून’ आणि ‘कुठी’ यांची यथेच्छ थट्टा झाली. तो रडून घरी यायला निघाला होता आणि त्याच्या आईने मला दोनदा बोलावून घेतले होते. पुढे तिघांनीही त्याचे ‘काहून’ उचलले. सांगलीच्या मुलाबरोबर तो साखर कारखाना पाहून आला, नांदेडच्या मुलाकडून गणित समजून घेऊ लागला, आणि त्या बदल्यात त्यांना मराठीतून अर्ज लिहून देऊ लागला, याचा मराठीचा शिक्षक या नात्याने मला थोडा गर्व वाटतो.

तरीही मी एकटेपणाचा पुरस्कर्ता नाही. अगदी अबोल, घराबाहेर कधी न राहिलेल्या मुलाला ओळखीचे एकही तोंड नसलेल्या ठिकाणी नेऊन सोडणे क्रूरपणाचे आहे. म्हणून माझा ठोकताळा असा ठरून गेला की, गावचा एक जण त्याच इमारतीत असावा, पण त्याच खोलीत नसावा. अडीअडचणीला हाक मारता यावी. रोज संध्याकाळी गाव भरवता येऊ नये.

रॅगिंगची भीती पालकांना फार असते आणि ती निराधार नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांप्रमाणे विद्यार्थी व पालक या दोघांनाही हमीपत्र द्यावे लागते. नव्या मुलांना शक्यतो स्वतंत्र भागात ठेवावे, असेही त्यात सांगितले आहे. पालक हे हमीपत्र न वाचता सही करून मोकळे होतात. मी त्यांना फक्त एवढेच सांगे की, सही करताना व्यवस्थापकाला विचारा, पहिल्या वर्षाची मुले कोणत्या मजल्यावर असतात? ज्याला हे चटकन सांगता येत नाही, त्याने तो नियम वाचलेला नाही असे खुशाल समजावे.

वसतिगृहाच्या अर्जात शेवटी शेवटी एक रकाना येतो, ‘स्थानिक पालकाचे नाव, पत्ता व स्वाक्षरी’. शहरात मामा, काका, आत्या असलेल्या घरांना या रकान्याची अडचण कधी कळायची नाही. आमच्याकडच्या कित्येक बापांचे शहरात कोणीही नसते. दिवसभर वणवण करून, ओळखीच्या ओळखीने एखाद्याच्या दारात उभे राहून, अनोळखी माणसाला सहीची गळ घालताना त्यांच्या चेहऱ्यावर जी ओशाळवाणी अजिजी दिसते, ती त्यांनी अडत्यापुढेही कधी दाखवलेली नसते. पुष्कळ जण सही द्यायला कचरतात. उद्या मुलाने काही भानगड केली तर निस्तरायची कोणी, हा त्यांचा प्रश्न असतो आणि तोही चुकीचा म्हणता येत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता पिंपरीकडे एका कारखान्यात नोकरीला आहे, मला न विचारताच असा नेम घातला की मोताळा तालुक्यातून येणाऱ्या मुलाच्या अर्जावर आपण सही करायची, महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी, म्हणजे मेस बंद असते त्याच वेळी, त्याला घरी जेवायला बोलवायचे, आणि एवढ्याच्या मोबदल्यात मुलाने गुणपत्रिका आणून दाखवायची. त्याची पत्नी साताऱ्याकडची. ती आता या मुलांसाठी भरीत करायला शिकली आहे.

मोताळा, धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, रोहिणखेड या परिसरातली कितीतरी माणसे आज पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक येथे नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक आहेत. त्यांपैकी काहींच्या हाती हा मजकूर पडेल अशी मला आशा आहे. त्यांना माझी विनंती एवढीच आहे की, येत्या जुलैत धोतर किंवा लेंगा नेसलेला एखादा अनोळखी मनुष्य हातात फाईल घेऊन तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी आला आणि रखवालदाराकडे तुमचे नाव सांगू लागला, तर त्याला वर बोलवा, मुलाशी पाच मिनिटे बोला, त्याचा व वसतिगृहाच्या रेक्टरांचा फोन नंबर लिहून घ्या, आणि त्या रकान्यात सही करा.